चिंतलवार सरांची टकटक

चिंतलवार सर पहिल्यांदा माझ्या खोलीकडे आले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि मी समोरच बसले होते. तरी त्यांनी दार वाजवलं. मी म्हटलं, "या ना, सर." ते आले नाहीत. त्यांनी दाराच्या फळीला कान लावला, मधल्या बोटाच्या पेरानं आणखी दोनदा टकटक केली, चेहरा पाडला आणि म्हणाले, "आतून पोकळ हाय." एवढं बोलून चालू लागले. मी त्या दिवशी नुकतीच रुजू झाले होते. हे दाराबद्दल होतं की माझ्याबद्दल, या विचारात माझी दुपार वाया गेली.

आमचं केंद्र तेलंगणातल्या आदिलाबाद गावाबाहेर आहे. इमारतीवर तीन भाषांत पाटी आहे आणि तिन्ही भाषांत ती कुणाला एका दमात वाचता येत नाही. थोडक्यात सांगायचं तर इथे वस्तू कशापासून बनवाव्यात याचा अभ्यास चालतो. त्यासाठी भौतिकशास्त्र, रसायन, वनस्पतिशास्त्र आणि इंजिनिअरिंग अशा चार विषयांची माणसं विद्यापीठानं एका छपराखाली कोंबली आहेत. मी वनस्पतीवाली. इकडच्याच मुधोळची असल्यामुळे कापूस आणि ज्वारी मला पुस्तकाच्या आधीपासून ओळखतात. चिंतलवार सर इंजिनिअरिंगचे, म्हणजे वस्तू किती भार सोसेल आणि कुठे मोडेल ते सांगणारे. 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द सरकारी कागदावर आला की ते म्हणत, "म्हंजे चौघांची एकच खिचडी. फक्त मीठ कोन घालते ते आधी ठरवा, बाई."

सर सगळं वाजवून बघत. कपबशी, भिंत, खुर्ची, बसचा पत्रा, एकदा तर प्लास्टर घातलेला एका विद्यार्थ्याचा पाय. वस्तूत चीर असेल तर आवाज बद्द येतो, सलग असेल तर खणखणीत, हे शास्त्र खरंच आहे आणि मडकं घेताना आपण सगळेच ते वापरतो. पण आपण मडक्यावर थांबतो. सर थांबत नसत. एका लग्नात त्यांनी पंगतीतली ताटं वाजवून त्यातलं एक परत पाठवलं होतं. बसस्टँडसमोरचा कलिंगडवाला त्यांना लांबून हाका मारायचा, कारण सर गाडीपाशी उभे राहून फळं वाजवू लागले की गिऱ्हाईक जमायचं आणि सरांनी "हे घ्या" म्हटलेलं फळ दुप्पट भावानं जायचं.

माणसांनाही त्यांची हीच मोजपट्टी होती. संचालकसाहेबांचं तासभर भाषण झालं की सर माझ्या कानाशी येऊन म्हणत, "बद्द वाजून राह्यले." एखाद्या पोरानं वर्गात नेमका प्रश्न विचारला की त्यांचा चेहरा उजळे. "खणखणीत!" याच्यावरची पदवी त्यांच्या विद्यापीठात नव्हती.

आणि रोज सकाळची ती फेरी. सर आले की आमच्या मजल्यावरचं एकेक दार वाजवत जात. लाकूड हवेनं फुगतं, रोज ऐकलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आम्ही आतून विचारायचं, "कोण?" त्यांनी बाहेरून म्हणायचं, "मीच." आणि पुढच्या दाराकडे जायचं. एकदा मी वैतागून गप्पच बसले. बाहेर टकटक झाली. मग पुन्हा झाली. पावलं काही हलेनात. शेवटी मी ओरडले, "कोण?" तेव्हा कुठे "मीच" आलं आणि सर पुढे गेले. माझ्या शेजारच्या खोलीत श्रीलता बसते. ती रसायनवाली, बेल्लमपल्लीच्या कोळसा कॉलनीत वाढलेली, घरी तेलुगू आणि आमच्याशी हिंदी. ती म्हणायची, "सर को दार का नहीं, जवाब का टेस्ट करना है." आम्ही दोघी हसायचो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे फार उशिरा कळलं.

तर आता बाकाची गोष्ट.

कापूस वेचून झाला की आमच्याकडे शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उभी राहतात. काही चुलीत जातात, बाकीच्या बांधावर पेटवतात. सरांच्या डोक्यात आलं की या पऱ्हाट्यांचा भुगा करून, खळ घालून, दाबून फळ्या कराव्यात. फळ्यांचे बाक करावेत आणि सीमेवरच्या मराठी शाळांना द्यावेत. केंद्राची एक व्हॅन होती. ती घेऊन आम्ही शाळाशाळांत विज्ञान दाखवत फिरायचो आणि सर तिथे 'टकटक तास' घ्यायचे. पोरं डोळे मिटून भिंतीला, हंड्याला, एकमेकांच्या पाठीला कान लावायची. नार्नूरकडच्या एका शाळेत हा तास झाला तेव्हा मुख्याध्यापिका रामटेके मॅडम सरांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, तास लय चांगला झाला. पन माही पोरं ओल्या फरशीवर बसतात. प्रायव्हेट शाळेत बाक हाय म्हनून आईबाप नावं काढून नेऊन राह्यले. बाक आले तर शाळा राहीन."

सरांनी वर्गाची भिंत वाजवली आणि व्हॅनमध्ये येऊन बसले. परतीच्या वाटेवर अर्धं अंतर गेल्यावर म्हणाले, "पयले बाक त्याच शाळेत."

बाक तयार झाले. आम्ही त्यांची सगळी परीक्षा घेतली. भार ठेवला, उन्हात ठेवले, वाळवीच्या वारुळाशी ठेवले. सरांनी प्रत्येक फळी स्वतः वाजवली. पहिले काही बाक समारंभाच्या आधीच रामटेके मॅडमच्या गावात पोचवले आणि मंडप, हार, संचालकसाहेब असा थाट जमला. गावचे माधवराव पटेल अध्यक्ष होते. पटेल म्हणजे भरगच्च माणूस, शरीरानं आणि मानानंही. आम्ही व्हॅनमधून उतरत होतो आणि ते पहिल्या बाकावर बसायच्या बेतात होते. सरांनी लांबून हात वर केला. "थांबा पटेल, वाजवू द्या—"

पटेल बसले. बाक बसला. म्हणजे अक्षरशः खालीच बसला. हार गळ्यात, पाय आभाळाकडे, आणि गावातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये त्याचा फोटो.

सर धावत गेले ते पटेलांकडे नाही, बाकाकडे. उरलेला अर्धा बाक वाजवला आणि म्हणाले, "बद्द." मग हात नाकाशी नेला. हाताला शेणाचा वास होता.

झालं होतं असं की गावातल्या बायांनी, शाळेत पाहुणे येणार म्हणून, अंगण सारवलं आणि बाकही सारवले. एकदा नाही, तीन-चार हात दिले. त्यांचं चूक म्हणावं तर काय म्हणावं? आमच्याकडे पऱ्हाटीचा कूड, म्हणजे काड्यांची भिंत, घातला की तो सारवायचाच. धान्याची कणगी आणली की सारवायचीच. नाहीतर भोकं पडतात, कीड लागते. पऱ्हाटीची वस्तू दारात आली आणि ती न सारवता ठेवली तर घरच्या बाईला लोक नावं ठेवतील. बायांनी जीव लावून बाक सारवले, वर रांगोळीची बोटं ओढली. आमची खळ चिंचोक्याची. ती ते सगळं पाणी प्यायली आणि फुगून सुटली.

पटेलांनी उठून धोतर झटकलं. "मी जित्ता हाय तवर हा बाक या शाळेत येनार नाई," असं म्हणून ते घरी गेले. रामटेके मॅडम शाळेच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो.

दुसरा कुणी असता तर महिनाभर तोंड लपवून बसला असता. सर दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे दारं वाजवत आले. माझ्या दारापाशी पहिल्यांदाच थांबून आत आले. आनंद नुसता ओसंडत होता. "बाई, आपन भार पायला, ऊन पायलं, वाळवी पायली. सारवन कोन पायलं? जगात कोनीच नाई पायलं! शेन आना."

आमच्या लाखमोलाच्या यंत्रांच्या प्रयोगशाळेत मग शेणाच्या बादल्या आल्या. सर शेण कालवायचे आणि फळ्यांवर असं फासायचे की माझ्या मुधोळच्या आईनं पाहिलं असतं तर झाडूनं हाणलं असतं. शेवटी मलाच पदर खोचून बसावं लागलं. वनस्पतिशास्त्राची पदवी घेताना हे दिवस दिसतील असं वाटलं नव्हतं, पण हात फिरायला लागला आणि मला मजा येऊ लागली. मीच मग सांगितलं की पऱ्हाटीची साल पाणी धरते, ती आधी सोलून काढा. श्रीलतानं खळ बदलायला घेतली. पाण्याला दाद न देणारी वस्तू म्हणून तिनं रानातले बिबे आणवले. बिबा अंगावर उततो हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. तिला कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती दोन्ही हात पुढे धरून आली. "देखो सर, मेरे हाथ पावरोटी हो गए!" सरांनी स्वतः खोबरेल आणून तिच्या हाताला लावलं आणि सारखे पुटपुटत राहिले, "माही चूक, पोरी, माही चूक." मग बिबा गेला. पळसावरची लाख आणि उकळलेलं जवसाचं तेल आलं, आणि भौतिकशास्त्रवाल्यांनी फळी किती तापवून दाबायची ते बसवून दिलं.

याच सुमारास संचालकसाहेब हैदराबादच्या पाहुण्यांना घेऊन केंद्र दाखवायला आले. दार उघडलं तर मी शेणात, श्रीलता लाखेत, आणि सर एका सारवलेल्या फळीला कान लावून उकिडवे. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "चिंतलवार साब, ये लॅब है की तबेला है जी?"

"साहेब," सर कान न काढता म्हणाले, "वाजवून पाहा."

साहेबांनी वाजवलं नाही. संध्याकाळी त्यांनी सरांना बोलावून सांगितलं की आता एकच संधी. त्याच गावात, त्याच लोकांसमोर. बाक टिकला तर पुढचे बाक करा. मोडला तर व्हॅन जमा करा आणि हा शाळांचा उद्योग बंद. सरांनी मान हलवली, साहेबांचं टेबल वाजवलं आणि बाहेर आले. त्या दिवशी मात्र ते टेबल कसं वाजलं ते त्यांनी सांगितलं नाही.

आम्ही नवा बाक घेऊन गावात गेलो. सर आधी पटेलांकडे गेले नाहीत, बायांकडे गेले. मागच्या वेळी सारवणाऱ्यांत गिरजाबाई पुढे होती. तिनं सरांना बघून पदर तोंडाशी नेला. "नाई बाप्पा. आमच्याच हातानं सत्यानाश झाला. गाव बोलून राह्यलं आमाले. आता आमी हात नाई लावत."

"माय, चूक तुमची नवती," सर म्हणाले. "पऱ्हाटीचा कूड सारवत नाई का तुमी? कनगी सारवत नाई का? मंग बाक काऊन नाई सारवनार? आमच्याच डोक्यात नाई आलं. आता जसं तवा सारवलं तसंच सारवा. जरा जास्तच."

"अन् पुना मोडला तर?"

"मोडला तर मी मोडलो. तुमी नाई."

गिरजाबाईनं पदर कमरेला खोचला. मग शेजारणीला हाक मारून म्हणाली, "आन वं बादली." चार दिवस तो बाक शाळेच्या ओसरीत होता आणि चार दिवस गाव येता-जाता त्याला सारवत होतं. ज्यांनी आयुष्यात शेणाला हात लावला नव्हता अशा दोन बाप्यांनीही हात मारून घेतला म्हणतात.

ठरल्या दिवशी सगळे जमले. संचालकसाहेब आले. पटेल आले, पण मंडपाच्या कडेला उभे राहिले, काठी टेकून. पोरांची गर्दी नको म्हणून रामटेके मॅडमनी सगळी पोरं एका वर्गात घालून दाराला बाहेरून कडी लावली होती. सर बाकाजवळ गेले. रांगोळी पुसू नये म्हणून त्यांनी कडेला जागा शोधली, वाकले, कान लावला आणि वाजवलं. एकदा. पुन्हा एकदा. माझ्या शेजारी श्रीलता तेलुगूत कुठल्यातरी देवाला काहीतरी कबूल करत होती.

"खणखणीत!" सर ओरडले. "पटेल, या!"

"मी नाई बसत."

"पटेल, दुसरा कोनी बसला अन् बाक टिकला, तर लोक म्हनतील बाक चांगला हाय. तुमी बसले अन् टिकला, तर लोक तो फोटो इसरतील."

हे मात्र पटेलांना लागू पडलं. ते काठी टेकत आले. बसले नाहीत. आधी त्यांनी स्वतः बोटानं बाक वाजवला, सरांसारखा कान लावला, आणि ऐकू काय आलं ते त्यांचं त्यांनाच माहीत, पण मान डोलावली. मग धोतर सावरून हळूच टेकले. काही झालं नाही. नीट बसले. काही झालं नाही. थोडे उसळून बसले. मंडपातून "आरं आरं" असा आवाज उठला, पण बाक जागचा हलला नाही. पटेलांच्या मिशा वर गेल्या. "ये रे शंकर," त्यांनी भावाला बोलावलं. शंकर बसला. "ये रे तू बी." तोही बसला. मग संचालकसाहेबांचा हात धरून त्यांनी साहेबांनाही ओढून बसवलं. जागा संपली तेव्हा माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली. शेवटी गिरजाबाई हात कमरेवर ठेवून त्या ढिगासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पाहा! सारवल्यानं मजबूतच होते!"

डफडं वाजलं. पटेलांनी तिथेच जाहीर केलं की गावातली पऱ्हाटी यंदा जाळायची नाही, सगळी केंद्राला. साहेबांनी सगळ्या वर्गांचे बाक मंजूर केले. त्यांच्या पँटीवर मागे रांगोळीचं अख्खं कमळ उठलं होतं आणि ते त्यांना कुणी सांगितलं नाही. रामटेके मॅडम एकाच वेळी रडत आणि पेढे वाटत होत्या. मी आणि श्रीलता चक्क नाचलो. इतका आनंद मला माझ्या पीएचडीचाही झाला नव्हता.

हार घालायला सर सापडेनात. मी शोधत मागच्या बाजूला गेले. सर पोरांना कोंडलेल्या त्या वर्गाच्या दारापाशी उभे होते. त्यांनी दार वाजवलं. टकटक. आतून साऱ्या पोरांचा एकच गलका, "कोन हाय?" सर हसले. उत्तर न देता पुन्हा वाजवलं. "कोन हाय?" पुन्हा वाजवलं. "कोन हाय?" कडी बाहेरूनच होती, उघडणं त्यांच्याच हातात होतं. त्यांना दार उघडायचंच नव्हतं. ते नुसतं ऐकत होते, कान फळीला लावून, डोळे मिटून. मी हार तसाच हातात घेऊन मागच्या मागे वळले.

बाक गेले, शाळा भरली. नाव काढून नेलेली काही पोरं परतही आली. मग हिवाळ्यात रामटेके मॅडम पोरांना घेऊन आमचं केंद्र बघायला आल्या. दुपारी पोरं विचारू लागली, "टकटक सर कुठी हायत?" सर जेवायला क्वार्टरवर गेले होते. मी पोरांना तिकडे घेऊन गेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या क्वार्टरसमोरून रोज गेले असेन, दारापर्यंत कधी गेले नव्हते. सर एकटे राहतात हे सगळ्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

दारापाशी घंटीचं बटण होतं. त्यावरचं कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच होतं, कडेनं पिवळं पडलेलं. ते सोलून काढायची पाळी आजवर कुणावर आलीच नव्हती. एक पोरगी टाचा उंचावून बटणाकडे हात नेत होती. मी म्हटलं, "घंटी नको ग. वाजव."

तिनं मधल्या बोटाचं पेर काढलं, अगदी सरांनी शिकवलं तसं. टकटक. मग दुसऱ्यानं वाजवलं. मग सगळ्यांनी, जिथे हात पोचेल तिथे.

मला वाटलं, सर झोपले असावेत. मग कडी सरकली. दार उघडलं. सर उभे होते, चष्मा कपाळावर, उजव्या हाताला पिठलं. सगळ्यांकडे बघत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांची दारं वाजवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या दारी काय म्हणायचं असतं तेच आठवत नव्हतं.

"सर, दार खणखणीत हाय तुमचं!" ती पोरगी म्हणाली.

"थांबा," सर म्हणाले. "थांबा हं, जरा. पुना एकदा वाजवा." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पोरांनी पुन्हा दार वाजवलं, आधीपेक्षा जोरात. या वेळी मीही वाजवलं.

"कोन हाय?" आतून सरांचा आवाज आला.

"आमी!" सगळी पोरं ओरडली.